पार्किन्सन्समधली चक्कर: या चुका टाळा

"चक्करवर चांगली गोळी कुठली?" पुण्यात पार्किन्सन्सचे शुभार्थी आणि त्यांना सांभाळणारे शुभंकर जमले की हा प्रश्न ठरलेला. माझा राग या प्रश्नावरच आहे.

कोथरूडचे ओळखीतले एक काका. उभे राहिले की बीपी पडून डोळ्यांपुढे अंधारी यायची. मुलाने कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून 'चक्करची गोळी' आणली, सिनारिझिन. काकांना झोप छान लागायला लागली, घरचे खूश. हळूहळू पावलं घासायला लागली, शर्टाची बटणं लागेनात, हाताचा कंप वाढला. आजारच वाढला असं समजून लेव्होडोपाचा, म्हणजे पार्किन्सन्सवरच्या मुख्य औषधाचा, डोस वाढवून घेतला. त्याने बीपी आणखी पडायला लागलं आणि काका बाथरूमच्या दारात कोसळले. न्यूरॉलॉजिस्टनी औषधांचा अख्खा डबा मागवला तेव्हा कुठे ती स्ट्रिप सापडली. सिनारिझिन, फ्लुनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन, उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड, ही सगळी मेंदूत डोपामाइनचीच, म्हणजे हालचाली सुरळीत ठेवणाऱ्या रसायनाचीच, वाट अडवतात. आधीच डोपामाइन कमी असलेल्या माणसाला हीच द्यायची? गोळी थांबल्यावर काका सावरले, पण त्यात काही महिने गेले.

दुसरी चूक, बीपी फक्त बसवून मोजणं. खुर्चीत 130/80 दिसलं की सगळे निश्चिंत. उभं राहताना रक्त पायांकडे उतरतं, तेव्हा रक्तवाहिन्या आपोआप आकसायला हव्यात. पार्किन्सन्समध्ये नेमकं तेच नीट होत नाही, आणि आजारावरच्या गोळ्याही बीपी थोडं उतरवतात. मी पाच मिनिटं आडवं झोपवून एकदा मोजते, मग उभं करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला की वही घेऊन डॉक्टरांकडे. सकाळी उठल्यावर आणि जेवणानंतर, दोन्ही वेळा मोजा. शेजारी धरायला माणूस हवाच. एकदाच मोजून "नॉर्मल आहे हो" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, वही पुढे करते.

चक्कर येते म्हणून लेव्होडोपा आपल्या मनाने बंद करू नका. अचानक बंद करणं धोक्याचं असतं.

बीपीची आणि प्रोस्टेटची गोळीही बीपी उतरवू शकते, पण ती दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली असते आणि न्यूरॉलॉजिस्टला कुणी सांगतच नाही. सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून न्या.

रात्री उठावं लागतं म्हणून पाणी तोडणारे पुष्कळ. दिवसा भरपूर प्या, संध्याकाळनंतर कमी करा. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर पाणी किंवा मीठ वाढवणं डॉक्टरांना विचारूनच.

झोपताना डोक्याकडची बाजू उंच हवी, पण उशांचा डोंगर रचून उपयोग नाही, त्याने मानच दुखते. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा द्या, पलंग हलत नाही ना ते बघा. रात्रीचं लघवीला उठणंही कमी होतं.

गणपतीत मोदकांवर तूप, वर मसालेभात, आणि हात धुवायला काका ताडकन उठले! भरपेट जेवणानंतर रक्त पोटाकडे वळतं आणि बीपी पडतं. थोडं थोडं खा, जेवल्यावर बसून राहा. कढत पाण्याच्या अंघोळीचंही तसंच. बाथरूममध्ये स्टूल ठेवा.

खोली गरगर फिरते, कूस बदलली की जास्त फिरते, तर भानगड कानाची असू शकते. ईएनटीला दाखवा, पण पार्किन्सन्स आहे हे आधी सांगा.

उठायची घाई मात्र सुटता सुटत नाही. दाराची बेल वाजली की धावलेच! आधी काठावर बसा, पंजे वर-खाली करा, मग उभे राहा, जरा थांबा, मग पाऊल. नवे शुभंकर दोन दिवस हे करून घेतात आणि "फरक नाही" म्हणतात. ही सवय औषधासारखी रोज, आणि तरी पुरलं नाही तर पाय आवळून धरणारे घट्ट पायमोजे, पोटपट्टा किंवा बीपी वाढवणारी औषधं डॉक्टर ठरवतील. शुद्ध हरपली, डोक्याला मार लागला किंवा छातीत दुखलं तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.