नागपूर-पुणे अंतर किती आणि फ्लाइटला खरंच किती वेळ लागतो, हे कसं काढायचं

नेटवर नागपूर ते पुणे अंतर शोधलं की कुठे ६०० किमी दाखवतं, कुठे ७०० च्या वर, कुठे ८८०. चुकीचा कुठलाच नाही, पहिला आकडा विमानाचा, दुसरा रस्त्याचा आणि तिसरा रेल्वेचा, कारण गाडी भुसावळ-मनमाड-दौंड असा मोठा वळसा घालून जाते.

१. हवाई अंतर मोजा

मोबाईलवर गुगल मॅप उघडा, नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर बोट दाबून धरा, पिन पडली की खालच्या माहितीत अंतर मोजायचा ऑप्शन असतो तो घ्या आणि मॅप सरकवत पुण्याच्या लोहगाववर आणा. साधारण ६०५ किमी येईल.

नेट नसेल तर कागदावरही जमतं. दोन्हीकडच्या अक्षांशात अडीच अंशाचा फरक, एक अंश म्हणजे १११ किमी, झाले २७८. रेखांशात ५.१३ अंशांचा फरक, पण आपल्या पट्ट्यात रेखांशाचा एक अंश १०४-१०५ किमीच भरतो, म्हणजे ५३७ च्या आसपास. आता शाळेतला पायथागोरस लावा, उत्तर तेच.

२. उडण्याचा वेळ

इथेच बऱ्याच साइट गंडवतात. जेट विमान वर गेल्यावर ताशी ८३० किमीच्या आसपास जातं म्हणून ६०५ ला ८३० ने भागतात आणि ४४ मिनिटं लिहून मोकळे होतात. अरे पण विमान त्या स्पीडला असतं किती वेळ? एवढ्याशा प्रवासात निम्म्याहून जास्त वेळ चढण्या-उतरण्यातच जातो, वाट सरळ रेषेत नसते, रनवेपर्यंत रांगत जायचं असतं आणि लोहगाव तर हवाईदलाचा तळ, तिथे कधीकधी थांबावं लागतं. म्हणून भागाकारात सरळ ३५ ते ४५ मिनिटं मिळवा, म्हणजे १ तास २० ते ३० मिनिटं. तिकिटावरचा वेळही जवळपास एवढाच असतो, आणि तो विमान जागेवरून हललं तिथपासून दुसरीकडे जाऊन उभं राहीपर्यंतचा असतो, नुसता हवेतला नाही.

लहान प्रॉपेलरवालं एटीआर असेल तर स्पीड ५०० धरा.

३. वारा

हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून वाहतात, त्यामुळे पुण्याहून नागपूरला जाताना ढकल मिळते आणि येताना तेच वारे अंगावर. पावसाळ्यात उंचावर उलटं. या मार्गावर फरक काही मिनिटांचाच, त्याचं टेन्शन नको.

४. घर ते घर

खरा हिशोब हाच. चेक-इन काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, म्हणून दीड तास आधी पोचायचं. घरून निघायला अर्धा तास, फ्लाइट दीड तास, बॅग यायला वीस-पंचवीस मिनिटं आणि संध्याकाळी लोहगावहून हिंजवडी गाठायचं असेल तर सव्वा तास तरी हातात ठेवा. झाले पाच तास! अजनी-पुणे वंदे भारत बारा तास घेते, त्यापुढे हे बरंच म्हणायचं, पण फ्लाइट मुंबईत किंवा हैदराबादला थांबून जाणारी असेल तर हाच आकडा आठ-नऊ तासांवर जातो, मग मी तरी रात्रीची गाडी पकडून झोपून जाईन.

लोहगावनंतरचा टप्पा मॅपवर बघताना निघायची वेळ टाकूनच बघा, सकाळी सातला बघितलेला आकडा संध्याकाळी सातला काही कामाचा नाही.