पीसीओएस, वजन आणि बाळाची वाट: मी काय केलं, काय आधी करायला हवं होतं

"आधी वजन कमी करून या, मग बघू." पहिल्या डॉक्टरांच्या या एका वाक्यात माझे चौदा महिने गेले. तेव्हा मी 31 वर्षांची होते, वजन 78 किलो. पाळी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी यायची, एकदा तर तीन महिने आलीच नाही. मी स्वतःच 65 किलोचा आकडा ठरवला आणि तिथे पोचल्याशिवाय पुढचं काही करायचं नाही, असं मनाशी घेतलं. ती चूक होती. पीसीओएसमध्ये (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा आजार) खरा प्रश्न असतो अंडाशयातून बीज सुटतंय की नाही हा. वजन त्यावर परिणाम करतं, म्हणून ते महत्त्वाचं. पण काट्यावरचा आकडा म्हणजे काही प्रवेशपरीक्षा नव्हे.

तेव्हा सुरुवात निदानापासून करा. सोनोग्राफीत "सिस्ट दिसतात" एवढ्यावर पीसीओएस ठरत नाही. अनियमित पाळी, पुरुषी हार्मोन वाढल्याची लक्षणं किंवा तसा रक्ताचा रिपोर्ट, आणि सोनोग्राफीतलं चित्र या तीनपैकी दोन गोष्टी असाव्या लागतात. शिवाय थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन (दूध तयार करणारा हार्मोन) तपासून ती कारणं बाजूला काढावी लागतात. (त्या सिस्ट म्हणजे गाठी नसतातच. अर्धवट वाढून थांबलेली ती फॉलिकल्स, म्हणजे बीज ज्यात वाढतं त्या पिशव्या. हे कळल्यावर मला निम्मी भीती सुटल्यासारखं झालं.) साखरेसाठी नुसती उपाशीपोटीची तपासणी करून थांबू नका, 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करतात तीही करा. माझी उपाशीपोटीची साखर अगदी नॉर्मल होती, दोन तासांनंतरची नव्हती.

आणि नवऱ्याची वीर्यतपासणी पहिल्याच महिन्यात. आमच्याकडे "दोष तर माझ्यात सापडलाय" म्हणून ती सात महिने लांबली. रिपोर्ट चांगला आला, पण वाईट आला असता तर तेवढे महिने मी औषधं फुकट खाल्ली असती.

बीज सुटतंय का हे घरी ओळखताना मी दोनदा फसले. ओव्ह्युलेशनच्या पट्ट्या एलएच हार्मोन (बीज सुटण्याआधी वाढतो तो) मोजतात, आणि पीसीओएसमध्ये ते मुळातच जास्त असू शकतं. माझी पट्टी सलग नऊ दिवस पॉझिटिव्ह! दुसऱ्यांदा फसले ते "एकविसाव्या दिवसाच्या" प्रोजेस्टेरॉन (बीज सुटल्यावर वाढणारा हार्मोन) तपासणीत. तो एकविसावा दिवस 28 दिवसांच्या चक्रासाठी असतो. तपासणी करायची असते पुढची पाळी येण्याच्या साधारण सात दिवस आधी. 42 दिवसांचं चक्र असेल तर ती पस्तिसाव्या दिवसाच्या आसपास येते. माझी एकविसाव्याला केली, अर्थातच कमी आली, आणि मी दोन दिवस रडले. पट्ट्यांच्या नादी न लागता दर दोन-तीन दिवसांनी संबंध ठेवणं जास्त सोपं. शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात, बीज मात्र जेमतेम एक दिवस.

आता वजन. शरीराच्या 5 ते 10 टक्के वजन उतरलं तरी अनेकींची पाळी सुधारते. म्हणजे 78 किलोच्या बाईला चार ते आठ किलो, तेरा नव्हे. मी आधी रात्रीचं जेवण बंद केलं, तर पाळी पूर्णच थांबली. उपासमार हा शरीराला गर्भ नको असल्याचा निरोप असतो, शिवाय गर्भाच्या तोंडावर पोषण तुटतं ते वेगळंच. नंतर जे टिकलं ते अगदी नीरस होतं. निम्मं ताट भाज्यांचं, दर जेवणात प्रथिनं, साखरेची पेयं बंद, आठवड्याला निदान 150 मिनिटं दम लागेल असं चालणं, आणि दोन दिवस वजनं उचलणं. यातलं शेवटचं मी सर्वांत जास्त टाळलं. पण साखर वापरणारा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक स्नायूच, त्यामुळे इन्सुलिन (साखर पेशींत पोचवणारा हार्मोन) नीट चालण्यासाठी ते हवंच. पीसीओएसमध्ये अमुकच आहार चालतो असं सिद्ध झालेलं नाही, तेव्हा जो सहा महिने पाळता येईल तो आहार तुमचा. घोरत असाल आणि दिवसा झोप येत असेल तर डॉक्टरांना सांगा, झोपेत श्वास अडखळणं पीसीओएसमध्ये जास्त दिसतं.

वजनासाठी डॉक्टरांबरोबर मुदत ठरवा, समजा तीन ते सहा महिने. पस्तिशी ओलांडली असेल तर थांबूच नका, वजन आणि उपचार दोन्ही बरोबरच चालू द्या. वजन उतरवणारी सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं घेत असाल तर तोवर गर्भनिरोधक वापरा. सेमाग्लुटाइड गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी बंद करावं लागतं. लव आणि मुरुमांसाठी स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगून आधीच थांबवायचं. फॉलिक ॲसिड मात्र आजपासून सुरू. नेहमीचा डोस 400 मायक्रोग्रॅम, वजन किंवा साखर जास्त असेल तर किती ते डॉक्टर ठरवतील.

मेटफॉर्मिन (मधुमेहावरची गोळी) मी पहिल्या दिवशी उपाशीपोटी घेतलं आणि दुपार बाथरूममध्ये काढली. जेवणाबरोबर, 500 मिलिग्रॅमपासून, हळूहळू वाढवत घ्यायचं असतं. इन्सुलिनला त्याची मदत होते, पण बीज सोडवायला ते एकटं फारसं पुरत नाही. त्यासाठी आज पहिली पसंती लेट्रोझोलला आहे. ते मुळात स्तनाच्या कर्करोगावरचं औषध, त्यामुळे चिठ्ठी वाचून मी हबकले होते. ते इस्ट्रोजेन थोडं उतरवतं, मग मेंदू एफएसएच हा हार्मोन वाढवतो आणि फॉलिकल वाढतं. अमेरिकेत 750 स्त्रियांवर झालेल्या, 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी 27.5 टक्के जणींना बाळ झालं, क्लोमिफेनवर (बीज सोडवणारं जुनं औषध) 19.1 टक्के.

पहिल्या चक्रात मला पाळीच्या तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस 2.5 मिलिग्रॅम दिलं. अकराव्या दिवशी सोनोग्राफीत फॉलिकल 9 मिलिमीटरचं, तिथेच अडकलेलं. पुढच्या चक्रात 5 मिलिग्रॅम, आणि डाव्या बाजूला 19 मिलिमीटर, म्हणजे बीज सुटण्याइतकं मोठं. तेव्हा माझं वजन 73.5 होतं, 65 च्या जवळपाससुद्धा नाही. या गोळ्या सोनोग्राफीशिवाय, मैत्रिणीच्या चिठ्ठीवर घेऊ नका. दोन-तीन फॉलिकल्स एकदम वाढली तर जुळ्यांची शक्यता असते, आणि आधीच गर्भ असेल तर या गोळ्या नकोत.

चौथ्या चक्रात टेस्ट पॉझिटिव्ह आली. तुमची आली की पहिल्याच भेटीत पीसीओएस असल्याचं सांगा आणि साखरेची तपासणी तेव्हाच मागा. गरोदरपणातल्या मधुमेहाचा धोका आपल्याला जास्त असतो, म्हणून 24 ते 28 आठवड्यांत ती पुन्हा करतात. मेटफॉर्मिन मनाने बंद करू नका, चालू ठेवायचं की नाही ते त्या भेटीतच विचारा.