आयरिश जमीनदार घराण्याचे दफ्तर कसे शोधावे आणि कसे वाचावे

आयर्लंडमधील एखाद्या सरदार-जमीनदार घराण्याचा अभ्यास करायचे ठरवले की बहुतेक जण छापील वंशावळ उघडून बसतात. माझ्या मते ती सर्वांत शेवटी हाती घ्यावी. घराण्याला स्वतःविषयी जे सांगावेसे वाटले ते वंशावळीत असते. कुळे, कर्जे, लग्ने आणि कोर्टकज्जे यांपायी जे लिहून ठेवणे भाग पडले ते दफ्तरात असते, आणि हा दुसरा कागद कोणाचे मन राखण्यासाठी लिहिलेला नसल्यामुळे जास्त भरवशाचा ठरतो. म्हणून आधी दफ्तर कोठे आहे याचा शोध, मग खंडाच्या वह्या, त्यानंतर पट्टे आणि विवाहाचे करार, आणि वंशावळ शेवटी, या क्रमाने जावे.

दफ्तर जमिनीजवळ नसते

नवख्याची पहिली चूक अशी की जमीन ज्या परगण्यात होती तेथेच कागद असतील असे तो धरून चालतो. कागद जमिनीमागे जात नाहीत. ते मालकामागे, वारस मुलीच्या सासरी किंवा सॉलिसिटरच्या कचेरीत जातात. किलकेनीच्या बटलर घराण्याचे उदाहरण घ्यावे. या घराण्याचा मूळ पुरुष थिओबाल्ड वॉल्टर ११८५ मध्ये राजपुत्र जॉनबरोबर आयर्लंडमध्ये आला, त्याला मुख्य बटलर हे वंशपरंपरागत पद मिळाले आणि त्यावरूनच पुढे आडनाव पडले. आयरिश बंदरांत उतरणाऱ्या वाइनचा ठरावीक हिस्सा घेण्याचा हक्क या घराण्याकडे इतका काळ राहिला की १८११ मध्ये तो परत घेण्यासाठी सरकारला २,१६,००० पौंड मोजावे लागले. १३९१ मध्ये घेतलेला किलकेनीचा किल्ला घराण्याने १९३५ मध्ये सोडला आणि १९६७ मध्ये तो अवघ्या ५० पौंडांना शहराच्या स्वाधीन केला. त्यांची जुनी खते डब्लिनच्या किल्डेअर स्ट्रीटवरील नॅशनल लायब्ररी ऑफ आयर्लंडमध्ये आहेत आणि ११७२ ते १६०३ या काळातील खतांचे गोषवारे सहा खंडांत छापलेलेही आहेत. मात्र याच घराण्यातील पहिल्या ड्यूक ऑफ ऑर्मंडचे राजकीय कागद तेथे शोधत बसल्यास हाती फारसे लागणार नाही, कारण अठराव्या शतकात त्याचे चरित्र लिहिणाऱ्या टॉमस कार्ट याने ते किल्ल्यातून नेले, आणि ते आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात कार्टच्याच नावाने ओळखले जातात.

मुलीच्या लग्नाने दफ्तर कसे हलते हे लिस्मोरवरून कळते. वॉल्टर रॅली याच्याकडून १६०२ मध्ये रिचर्ड बॉइलने घेतलेली ही मालमत्ता पुढे शार्लट बॉइल या वारस मुलीबरोबर, तिच्या १७४८ मधील विवाहामुळे, इंग्लंडमधील ड्यूक ऑफ डेव्हनशर यांच्या घराण्यात गेली. त्यामुळे वॉटरफर्ड आणि कॉर्कमधील जमिनींचे कागद काही डब्लिनला, तर काही डर्बिशरमधील चॅट्सवर्थ येथे आहेत. विकलोमधील फिट्झविल्यम जमीनदारीसाठी डब्लिनबरोबर शेफील्डलाही जावे लागते, आणि क्लेअरमधील थॉमंड जमिनींसाठी ससेक्समधील पेटवर्थ हाउसच्या दफ्तराकडे वळावे लागते. लॉर्ड अर्न यांची काही जमीन मेयोमध्ये होती. तेथील त्यांचा कारभारी कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट याच्यावर १८८० मध्ये लोकांनी जो बहिष्कार टाकला त्यावरून इंग्रजीत त्या कृतीलाच त्याचे नाव पडले. पण अर्न घराणे मूळ उत्तरेकडील फर्माना परगण्यातले, म्हणून त्यांचे दफ्तर बेलफास्टच्या सरकारी अभिलेखागारात आहे, जे थोडक्यात प्रोनी म्हणून ओळखले जाते.

तेव्हा सूची उघडण्यापूर्वीच कागदावर तीन गोष्टी लिहून काढाव्यात: घराण्याची मुख्य वास्तू कोणती होती, शेवटची वारस मुलगी कोणत्या घरात गेली, आणि कायद्याचे काम कोणत्या शहरातून चालत असे. त्यानंतर नॅशनल लायब्ररीच्या संग्रहसूच्या, प्रोनीची ऑनलाइन सूची आणि गॉलवे विद्यापीठाने तयार केलेली जमीनदारींची संगणकीय सूची पाहावी. ही शेवटची सूची मुळात कॉनॉट आणि मन्स्टर या प्रांतांपासून सुरू झाली, आणि एका घराण्याचे कागद कोठे कोठे विखुरले आहेत हे तिच्यात सहसा एका पानावर सापडते.

खाजगी दफ्तरासाठी एवढी पायपीट करण्याचे कारण ३० जून १९२२ या तारखेत आहे. यादवी युद्धाच्या सुरुवातीला डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या इमारतीतील स्फोट आणि आगीत सरकारी अभिलेखागार नष्ट झाले. मूळ मृत्युपत्रे आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील जनगणनेचा बहुतांश भाग त्यात गेला. (१८६१ ते १८९१ च्या जनगणना मात्र आगीत गेल्या नाहीत, त्या सरकारनेच आधी नष्ट केल्या होत्या.) खाजगी वाड्यांच्या माळ्यावर आणि कारभाऱ्यांच्या कपाटांत पडून राहिलेले कागद त्या दिवशी फोर कोर्ट्समध्ये नव्हते, म्हणूनच वाचले. २०२२ पासून जळालेल्या दफ्तराची डिजिटल पुनर्रचनाही ऑनलाइन पाहता येते, आणि तीत अनेक ठिकाणच्या नकला एकत्र केल्या आहेत.

माणूस एक, नावे अनेक

सरदार सही करताना आडनाव लिहीत नाही, केवळ पदवी लिहितो, आणि पदवी आयुष्यात बदलू शकते. जेम्स फिट्झजेरल्ड १७४४ मध्ये अर्ल ऑफ किल्डेअर झाले, १७६१ मध्ये मार्क्विस ऑफ किल्डेअर झाले आणि १७६६ मध्ये ड्यूक ऑफ लेन्स्टर झाले. त्यामुळे १७६५ च्या पत्राखाली ‘किल्डेअर’ आणि १७६७ च्या पत्राखाली ‘लेन्स्टर’ अशी सही दिसली तरी माणूस तोच असतो. उलट १७६७ च्या पत्राखाली ‘किल्डेअर’ दिसल्यास तो त्यांचा मुलगा असतो, कारण ड्यूकच्या ज्येष्ठ पुत्राला ती पदवी मानाने वापरता येत असे. यासाठी कोणती पदवी कोणाकडे कोणत्या वर्षी गेली याचा एका पानाचा तक्ता करून जवळ ठेवावा. सूचीत शोध घेताना पदवी आणि आडनाव दोन्ही वापरावे: रॉस म्हणजे पार्सन्स, स्लायगो म्हणजे ब्राउन, लूकन म्हणजे बिंगम. मालमत्तेसाठी जावईही आडनाव बदलत. स्ट्रोक्सटाउनच्या मेहन घराण्याचे कागद नॅशनल लायब्ररीत ‘पॅकनम मेहन’ या नावाखाली ठेवलेले आहेत, ते याच कारणाने.

खंडाची वही

खरे काम येथे आहे, आणि वेळही येथेच द्यावा. कारभाऱ्याने मालकासाठी ठेवलेल्या या वहीत डावीकडे टाउनलंडचे नाव असते, पुढे कुळाचे नाव, जमिनीचे क्षेत्र, वर्षाचा खंड, मागील थकबाकी, या वर्षी आलेली रक्कम आणि शेवटी शेरा असतो. टाउनलंड हा आयर्लंडमधील जमिनीचा सर्वांत लहान अधिकृत गट असून अशी साठ हजारांहून अधिक टाउनलंड आहेत. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-खात्याने १८२४ पासून केलेल्या मोजणीनंतर त्यांची इंग्रजी रूपे स्थिरावली. त्याआधीच्या वह्यांत तेच नाव दर पिढीला निराळे दिसते, म्हणून नाव मोठ्याने उच्चारून पाहावे आणि शेजारच्या नावांचा क्रम जुळतो का ते तपासावे.

खंड वर्षातून दोनदा, बहुधा २५ मार्च आणि २९ सप्टेंबर किंवा १ मे आणि १ नोव्हेंबर या दिवशी देय होई, आणि प्रत्येक हप्त्याला ‘गेल’ म्हणत. पुष्कळ जमीनदारींत कुळाला सहा महिन्यांची सवलत देण्याची रीत होती, म्हणजे मे महिन्याचा हप्ता नोव्हेंबरमध्ये घेतला जाई. याला ‘हँगिंग गेल’ म्हणत. हे माहीत नसेल तर वहीतील प्रत्येक कूळ सदैव अर्ध्या वर्षाच्या थकबाकीत बुडालेले दिसते आणि अभ्यासक उगाच हळहळतो. थकबाकी अर्ध्या वर्षाच्या पुढे सरकू लागली की मग लक्ष द्यावे.

आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत. समजा, १८१० च्या वहीत एका कुळाकडे ४० एकर जमीन आणि २६ पौंड खंड लिहिला आहे. वीस शिलिंगांचा पौंड धरून भागाकार केला तर एकरी १३ शिलिंग येतात. परंतु जुन्या वह्यांतील एकर बहुधा आयरिश असतो, आणि १२१ आयरिश एकर म्हणजे १९६ कायदेशीर इंग्रजी एकर. त्यामुळे ४० चे जवळपास ६५ एकर होतात. पौंडही आयरिश आहे: १८२६ पर्यंत १३ आयरिश पौंड म्हणजे १२ ब्रिटिश पौंड असा हिशेब होता, म्हणून २६ चे २४ झाले. आता एकरी खंड साडेसात शिलिंगांच्याही किंचित खाली उतरतो. या वहीची तुलना १८५० च्या वहीशी करणाऱ्याने हे रूपांतर केले नसेल तर त्याचे सर्व निष्कर्ष उलटे पडतात. उत्तरेकडील काही भागांत कनिंगम एकर नावाचे तिसरे मापही चालत असे, तेव्हा वहीच्या मुखपृष्ठावर किंवा नकाशाच्या कोपऱ्यात मापाचा उल्लेख आधी शोधावा.

तारखांचेही तसेच आहे. १७५२ पूर्वी कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. कारभाऱ्याने ‘१० फेब्रुवारी १७३९’ अशी तारीख घालून जमिनीतील बटाटे गोठून कुजल्याचे मालकाला कळवले असेल तर ते पत्र आपल्या गणनेने १७४० चे आहे. १७३९ च्या डिसेंबरअखेरीस पडू लागलेल्या भीषण थंडीचा आणि त्यानंतरच्या दुष्काळाचा तो काळ. वर्ष जसेच्या तसे वाचल्यास तेच पत्र संकटाच्या आधीचे ठरते.

वहीतील नावे म्हणजे जमीन कसणारी माणसे, असे मात्र समजू नये. अठराव्या शतकातील वह्यांत पुष्कळदा केवळ मोठा पट्टेदार दिसतो, जो पुढे तुकडे करून पोटकुळांना जमीन देत असे. ती पोटकुळे मालकाच्या दफ्तरात येतच नाहीत. शिवाय वही कारभाऱ्याने लिहिलेली असते आणि वसुली कमी पडल्यास दोष कुळाचा होता हे दाखवण्यात त्याचे हित असते. म्हणून वहीबरोबर त्याच वर्षीचा पत्रव्यवहार मागवावा. स्ट्रोक्सटाउनमध्ये १८४७ साली मेजर डेनिस मेहन यांनी १,४९० कुळांना कॅनडाकडे पाठवले आणि त्याच वर्षी २ नोव्हेंबरला त्यांचा खून झाला. त्या वर्षीचा केवळ हिशेब वाचला तर ही माणसे म्हणजे कमी झालेला खर्च एवढेच वाटते. पत्रे आणि अर्ज वाचल्यावर ती माणसे होतात. तेथील वाड्यात सापडलेल्या कागदांतूनच पुढे दुष्काळाचे राष्ट्रीय संग्रहालय उभे राहिले.

पट्टे, विवाहाचे करार, मृत्युपत्रे

आयरिश पट्टे वर्षांवर तसेच ‘आयुष्यांवर’ही दिले जात. तीन आयुष्यांचा पट्टा म्हणजे त्यात नाव घातलेल्या तिघांपैकी शेवटचा मरेपर्यंत जमीन पट्टेदाराकडे राहणार. शक्यतो पट्टेदार आपल्या लहान मुलांची नावे घाली आणि पुष्कळदा त्यांचे वयही लिहिले जाई, त्यामुळे जेथे चर्चच्या नोंदी उरलेल्या नाहीत तेथे हा कागद जन्मनोंदीचे काम करतो. मात्र कधी कधी दीर्घायुष्याच्या आशेने राजपुत्रांची नावे घालत, तेव्हा पट्ट्यातील ‘जॉर्ज’ कुळाचा मुलगा असेलच असे नाही. १७०४ च्या कायद्याने कॅथलिकांना ३१ वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा पट्टा घेता येत नसे आणि हे बंधन १७७८ मध्ये सैल झाले. त्यामुळे त्या काळातील आयुष्यांवरचा पट्टा पट्टेदार प्रॉटेस्टंट असल्याचे सुचवतो.

घराण्याचा उत्कर्ष आणि ऱ्हास विवाहाच्या करारांत दिसतो. धाकट्या मुलांना द्यायच्या रकमा, विधवेची वार्षिक तरतूद आणि विश्वस्तांची नावे त्यांत असतात. दर पिढीला हा बोजा जमिनीवर चढत गेला की उत्पन्न तेच राहूनही मालक कर्जात जातो. अशा बुडालेल्या मालमत्ता विकण्यासाठी १८४९ मध्ये खास न्यायालय स्थापन झाले, आणि त्याच्या छापील विक्रीपत्रकांत कुळांची नावे, मुदती आणि नकाशे मिळतात.

मूळ करार हरवला असल्यास डब्लिनच्या रजिस्ट्री ऑफ डीड्समध्ये, म्हणजे खतांच्या नोंदणी कचेरीत, १७०८ पासूनचे गोषवारे पाहावेत. तेथे नावांची सूची केवळ देणाऱ्याच्या नावाने आहे, घेणाऱ्याच्या नाही. म्हणून कूळ शोधायचे असले तरी जमीनदाराचे नाव धरून जावे, किंवा जमिनींच्या सूचीतून टाउनलंड गाठावे. नोंदणी सक्तीची नसल्यामुळे नोंद न सापडणे हा व्यवहार न झाल्याचा पुरावा ठरत नाही.

मृत्युपत्रांसाठी आर्थर व्हिकर्स यांनी १८९७ मध्ये छापलेली १५३६ ते १८१० ची सूची आणि विल्यम बेथम यांनी आगीच्या कितीतरी आधी काढून ठेवलेले गोषवारे उपयोगी पडतात. (हे व्हिकर्स म्हणजे ज्यांच्या ताब्यातील राजरत्ने १९०७ मध्ये डब्लिन कॅसलमधून चोरीला गेली तेच; सूची मात्र त्यांनी चोख केली.)

एवढे झाल्यावर वंशावळ उघडावी आणि तिच्यातील प्रत्येक विवाह करारांशी, प्रत्येक मृत्यू पट्ट्यांशी ताडून पाहावा. मध्ययुगापूर्वीचे पूर्वज आधार मिळेपर्यंत बाजूला ठेवावेत, आणि मुलींच्या जागी केवळ ‘इतर अपत्ये’ असे लिहिलेले असेल तेथे करारांतील नावे भरावीत.

बाहेरून पडताळा घेण्यासाठी करआकारणीसाठी केलेली १८४७ ते १८६४ मधील ग्रिफिथची मूल्यांकन नोंद पुरेशी आहे. तिच्यात प्रत्येक जमिनीसमोर ती कोणाकडून घेतली याचा रकाना असतो. १८७६ मध्ये छापलेल्या जमीनमालकांच्या यादीवरून एकूण पसारा कळतो.

कुळांना जमिनी विकत घेता याव्यात म्हणून केलेल्या १९०३ च्या विंडम कायद्याने विकणाऱ्या जमीनदाराला १२ टक्के अधिक रक्कम देऊ केली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत अनेक खंडवह्या थांबतात. तेथे शोध न थांबवता विक्रीच्या करारासोबतची कुळांची यादी मागवावी, आणि ती १९११ च्या जनगणनेतील त्याच टाउनलंडच्या पानांशेजारी ठेवावी. ही जनगणना पूर्ण शाबूत असून डब्लिनच्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. खंडवहीत शतकभर केवळ एका ओळीत येत राहिलेल्या कुळाचे घर त्या पानांवर बायको, मुले, वये आणि खोल्यांच्या संख्येसह सापडते.