साधा बटणांचा फोन निवडताना या चुका टाळा

गावाकडच्या वडीलधाऱ्यांसाठी फोन निवडण्याचे काम आमच्या घरात बरीच वर्षे माझ्याकडे आहे, आणि दर गणपतीत कोणी ना कोणी घाईने घेतलेला फोन माझ्यापुढे आणून ठेवतो. दीड-दोन हजारांच्या फोनसाठी एवढा विचार कशाला, असे या मंडळींना वाटते. मला ते पटत नाही, कारण ज्या माणसासाठी तो फोन घ्यायचा असतो, त्याच्याकडे बहुधा दुसरा फोन नसतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे सिम कोणते आहे हे न विचारता फोनांची तुलना सुरू करणे. जिओचे जाळे २०१६ साली सुरू झाले ते केवळ ४जीवर, त्यात २जी नाही. त्यामुळे २जी फोनमध्ये ते सिम खाचेत नीट बसते, पण नेटवर्क मिळत नाही. माझ्या आतेभावाने मुंबईत बसून एका रात्रीत तीन फोनांची किंमत, बॅटरी, टॉर्च आणि रेडिओ ताडून पाहिले, त्यांतला सर्वांत स्वस्त निवडला आणि गावी निघालेल्या शेजाऱ्याबरोबर आत्याला पाठवून दिला. शेजाऱ्याने जुन्या फोनमधले सिम काढून नव्यात घातले. टॉर्च लागली, रेडिओ वाजला, घड्याळही बरोबर चालले. केवळ पडद्याच्या कोपऱ्यात रेंजच्या कांड्या नव्हत्या. पावसात टॉवर बंद पडला असेल असे समजून आत्याने तो फोन खिडकीत ठेवला आणि ती नऊ दिवस रेंज येण्याची वाट पाहत राहिली. या नऊ दिवसांत तिला ताप येऊन गेला, आणि आम्हांला ते कळले वाडीतल्या दुसऱ्या कोणी फोन केला तेव्हा. आतेभावाच्या तुलनेत चूक एकच होती. त्याने तिन्ही फोन एकमेकांशी ताडून पाहिले, आत्याच्या सिमशी एकही नाही.

नावावरही विसंबू नये. नोकिया ११० आणि नोकिया ११० ४जी हे दोन वेगळे फोन आहेत, आणि गल्ल्यावर दोघांनाही ‘एकशेदहा’च म्हटले जाते, म्हणून खोक्यावर ४जी आणि व्होल्टी (४जीवरूनच बोलण्याची सोय) हे दोन्ही शब्द मी स्वतः वाचतो. याच्या उलट फसगतही होते. २०१७ चा जिओफोन किंवा २०२३ मध्ये ९९९ रुपयांना आलेला जिओभारत यांत दुसऱ्या कंपनीचे सिम चालत नाही, तेव्हा घरी बीएसएनएल असेल तर ती स्वस्ताई उपयोगाची नाही. फोन पाहण्याआधी मी गावी फोन करून दोनच प्रश्न विचारतो: सिम कोणते आहे, आणि घरात बसून कोणत्या कंपनीची रेंज मिळते?

दुसरी चूक म्हणजे फोन हातात न घेता, तारे आणि अभिप्राय मोजून निवडणे. ज्याने आठ दिवस फोन वापरून पाच तारे दिले, त्याची बोटे आणि तुमच्या वडिलांची बोटे सारखी नसतात. माझे काका आयुष्यभर शेतात राबले; त्यांच्या अंगठ्याखाली चपट्या, एकमेकींना चिकटलेल्या कळा दोन-दोन दाबल्या जातात. म्हणून मी दुकानात डोळे मिटून, पाचच्या कळेवरचा उंचवटा अंगठ्याने शोधून, एक पूर्ण नंबर लावून पाहतो. तो चुकला तर फोन परत ठेवतो. नंतर त्यात आपले सिम घालून रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाशी बोलतो, कारण काचेआड मोठी वाटणारी घंटी विहिरीपर्यंत पोहोचेलच असे नाही. शेवटी माझ्या फोनवरून त्यावर ‘ज्येष्ठा गौरी, श्रीकृष्ण’ असा देवनागरी मेसेज पाठवतो आणि जोडाक्षरे मोडतात का, ते पाहतो. याला पंधरा मिनिटे लागतात. दुकानदार कंटाळला तरी चालेल, पण ही पंधरा मिनिटे वाचवू नयेत.

बॅटरीचे केवळ एमएएच, म्हणजे क्षमतेचे आकडे, पाहू नयेत. १,००० एमएएचवर २जी फोन जितका टिकतो, तितका ४जी फोन टिकेलच असे नाही. निघणारी बॅटरी असेल तर तोच फोन घ्यावा. या किमतीतल्या फोनांची तुलना कॅमेऱ्यावरून करणे व्यर्थ आहे. रेडिओ इअरफोन न लावता वाजतो का, ते विचारावे. पैसे पाठवण्यासाठी महागडा फोनच हवा हा समज जुना झाला. यूपीआय १२३पे ही इंटरनेटशिवाय पैसे पाठवण्याची सोय २०२२ च्या मार्चपासून साध्या फोनवरही चालते. पाच किंवा नऊ यांपैकी कोणती कळ दाबून धरल्यास मदतीचा कॉल जातो, ते घरच्यांना त्याच दिवशी दाखवून ठेवावे.

पैसे देण्यापूर्वी *#०६# दाबून पडद्यावर येणारा आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, खोक्यावरच्या आकड्यांशी अंक न् अंक जुळवावा आणि तोच बिलावर लिहून घ्यावा. आत्याचा दुसरा फोन घेताना ते बिल मी तिच्या रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवले, कारण ती पिशवी ती कधीच हरवत नाही.