क्लच दाबल्यावर सुई कुठे थांबते? आयडलिंगमधील चढउतार आणि न्यूट्रलमध्ये गाडी सोडण्याची सवय

मॅन्युअल गिअरच्या गाडीत इंजिनाची तब्येत जोखण्याची सर्वांत चांगली वेळ म्हणजे गाडी थांबवताना आपण क्लच दाबतो, ते दोन-तीन सेकंद. त्या क्षणी इंजिन चाकांपासून सुटे होते, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नसतो आणि इंजिनाला केवळ स्वतःच्या बळावर फिरत राहावे लागते; यालाच आयडलिंग म्हणतात. तेव्हा आरपीएमची, म्हणजे इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांची, सुई कशी खाली येते, कुठे थांबते आणि थांबल्यावर स्थिर राहते की डोलते, हे पाहण्याची सवय लावून घेतली, तर गाडी चौकात बंद पडण्याच्या बऱ्याच आधी दोष लक्षात येतो. ही सुई वाचायची कशी, चढउतार हा दोष आहे की यंत्रणेचेच काम आहे हे ठरवायचे कसे आणि धावती गाडी न्यूट्रलमध्ये का टाकू नये, हे तिन्ही प्रश्न वरवर वेगळे वाटले तरी त्यांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते. म्हणून आधी आत काय घडते ते पाहू.

अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडला की हवेच्या मार्गातील थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटते. इंजिन चालू राहण्यापुरती जी थोडी हवा लागते, ती केबलच्या थ्रॉटलवर चालणाऱ्या गाड्यांत बाजूच्या लहान वाटेवरचा आयडल एअर कंट्रोल व्हॉल्व्ह सोडतो. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असलेल्या गाड्यांत तीच झडप केसभर उघडी राहते. किती हवा सोडायची आणि तिच्या प्रमाणात किती पेट्रोल द्यायचे, हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, क्षणाक्षणाला ठरवत असतो. गरम झालेल्या पेट्रोल इंजिनाचे आयडलिंग तो बहुतेक गाड्यांत ७०० ते ९०० आरपीएमच्या दरम्यान राखतो.

याच ईसीयूचा आणखी एक नियम आहे आणि या लेखातील बहुतेक गोष्टी त्याच्याभोवती फिरतात. थ्रॉटल मिटलेला आहे, पण इंजिन आयडलिंगपेक्षा बऱ्याच जास्त वेगाने फिरते आहे, असे दिसले की ईसीयू इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारे भाग, बंद करतो. गाडी गिअरमध्ये धावत असताना हे अगदी योग्य असते, कारण तेव्हा इंजिन गाडीला ओढत नसते, तर चाकेच इंजिनाला फिरवत असतात. इंजिनाचा वेग उतरत १,००० ते १,५०० आरपीएमच्या आसपास आला की इंजेक्टर पुन्हा सुरू होतात; हा आकडा गाडीगणिक आणि इंजिनाच्या तापमानाप्रमाणे बदलतो. डॅशबोर्डवर तत्क्षणीचा इंधनखप दाखवणारा आकडा असेल, तर चौथ्या गिअरमध्ये पाय उचलून पाहावे. आकडा लिटरमध्ये असेल तर बहुतेक गाड्यांत तो सरळ शून्यावर जातो; किलोमीटर प्रति लिटरमध्ये असेल तर कमाल मर्यादेवर जातो.

कोणती चढउतार स्वाभाविक आहे

सकाळी पहिल्यांदा इंजिन सुरू केल्यावर सुई १,१०० ते १,५०० पर्यंत चढते आणि इंजिन तापत जाईल तशी हळूहळू खाली येते. एसीचा कॉम्प्रेसर लागला, रेडिएटरचा पंखा फिरू लागला, हेडलाइट लावले किंवा उभ्या गाडीचे स्टिअरिंग पूर्ण वळवले की सुई किंचित दबते आणि लगेच सावरते. एसी चालू असताना ईसीयू आयडलिंग मुद्दाम थोडे वाढवून ठेवतो. यात काळजीचे काही नाही.

चालकांना जास्त गोंधळात टाकणाऱ्या गोष्टी दोन आहेत. पहिली अशी, की गिअर बदलताना क्लच दाबल्यावर सुई झटकन खाली न येता एक-दोन सेकंद वरच रेंगाळते. धुरातील प्रदूषके कमी राहावीत म्हणून थ्रॉटल एकदम न मिटवता हळूहळू मिटवण्याची रचना अनेक नव्या गाड्यांत असते, त्याचा हा परिणाम असतो. दुसरी अशी, की गाडी न्यूट्रलमध्ये किंवा क्लच दाबून घरंगळत असताना सुई १,००० च्या आसपास राहते आणि चाके पूर्ण थांबल्यावरच ८०० वर उतरते. वेगाच्या सेन्सरवरून ईसीयूला गाडी अजून चालते आहे हे कळलेले असते. ब्रेक, स्टिअरिंग आणि पुढचा गिअर यांपैकी कशाचाही भार केव्हाही येऊ शकतो म्हणून तो इंजिन बंद पडू नये इतकी शिल्लक हाताशी ठेवतो. ‘थांबल्यावर ८०० आणि चालताना १,०००, म्हणजे आयडलिंग बिघडले’ अशी तक्रार घेऊन वर्कशॉप गाठणारे अनेक जण असतात आणि त्यांच्या गाडीत मुळात काहीच बिघडलेले नसते.

दहा मिनिटांची चाचणी

इंजिन पूर्ण गरम झाल्यावर सपाट, मोकळ्या आणि मागे वाहन नसलेल्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ४० किलोमीटरचा वेग धरावा. पाय उचलावा, दोन सेकंद थांबून क्लच पूर्ण दाबावा आणि ब्रेक लावून गाडी सावकाश थांबवावी. सुईकडे एक नजर पुरते, बाकी लक्ष रस्त्यावरच हवे; शक्य असल्यास शेजारी बसलेल्या माणसाला सुई पाहायला सांगावे. निरोगी इंजिनाची सुई एका दमात खाली येते, आयडलिंगच्या थोडी वर टेकते आणि गाडी थांबल्यावर नेमक्या जागी बसते. सुई ६०० च्या खाली बुडी मारून पुन्हा उसळत असेल, १,५०० च्या वर अडकून राहत असेल किंवा थांबल्यावरही वर-खाली झुलत असेल, तर पुढची तपासणी करावी. हीच चाचणी एकदा एसी बंद ठेवून आणि एकदा चालू ठेवून करावी.

झुलणाऱ्या सुईची गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. समजा, इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या, एखाद्या रबरी पाइपला तडा गेला आहे आणि ईसीयूने न सोडलेली हवा त्यातून आत शिरते आहे. या आगाऊ हवेमुळे इंजिनाचा वेग चढतो आणि चढता चढता १,५०० च्या पुढे जातो. थ्रॉटल मिटलेला आणि वेग मात्र जास्त, हे पाहून ईसीयूला वाटते की गाडी गिअरमध्ये उतारावर आहे, म्हणून तो इंजेक्टर बंद करतो. वेग कोसळतो, ठरलेल्या आकड्याखाली आल्यावर पेट्रोल पुन्हा सुरू होते आणि तीच हवा इंजिनाला पुन्हा वर नेते. उभ्या गाडीची सुई करवतीच्या दात्यांसारखी १,००० आणि १,८०० च्या दरम्यान नाचू लागते. उतारावर पेट्रोल वाचवणारा नियमच इथे चुकीच्या जागी लागू झालेला असतो. म्हणून अशा वेळी ईसीयूवर संशय घेण्याआधी हवा कुठून येते हे शोधावे.

शोध कानापासून सुरू करावा. बॉनेट उघडून, पंखा आणि पट्टे यांपासून हात व सैल कपडे दूर ठेवून ‘स्स्स’ असा आवाज येतो का ते ऐकावे. रबरी पाइप इंजिन बंद व थंड असताना हाताने वाकवून पाहावेत, कारण तडे बहुधा खालच्या बाजूला, बेंडवर असतात आणि पाइप सरळ असताना दिसत नाहीत. संशयित जोडावर पाण्याचा हलका फवारा मारल्यावर आयडलिंग क्षणभर बदलले, तर गळती तिथेच आहे. मात्र वायरिंगचे सॉकेट, इग्निशन कॉइल आणि एअर फिल्टरचे तोंड यांवर पाणी जाऊ देऊ नये. कार्ब्युरेटर क्लीनर मारून गळती शोधण्याची पद्धत अनेक ठिकाणी चालते, परंतु तो द्रव ज्वलनशील असतो आणि गरम इंजिनावर आग लागू शकते, म्हणून ती पद्धत मी कोणालाही सुचवणार नाही. घरी काही सापडले नाही, तर वर्कशॉपमध्ये मॅनिफोल्डमध्ये धूर सोडून गळती शोधता येते आणि तो खर्च एकामागोमाग एक सेन्सर बदलण्यापेक्षा कमी पडतो.

सुई बुडी मारून गाडी बंद पडत असेल, तर पहिला संशय थ्रॉटल बॉडीवर घ्यावा. झडपेच्या कडेला काळा, चिकट थर साचला की मिटलेल्या अवस्थेत मिळणारी हवा कमी होते. ईसीयू महिनोन् महिने ती उणीव भरून काढत राहतो आणि एक दिवस त्याची मर्यादा संपते. हा थर थ्रॉटल बॉडी क्लीनर आणि मऊ कापडाने, इग्निशन बंद ठेवून काढावा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप बोटाने जोरात ढकलू नये, कारण आतील प्लास्टिकचे दाते तुटू शकतात. साफसफाईनंतर आयडलिंग काही काळ जास्त राहिले तर घाबरू नये. ईसीयूने थर गृहीत धरून ठेवलेला हिशोब त्याला नव्याने मांडावा लागतो, आणि काही गाड्यांत तो हिशोब स्कॅनरनेच नव्याने लावावा लागतो, म्हणून गाडीच्या पुस्तिकेतील पद्धत आधी वाचावी. बॅटरी काढल्यानंतरही हेच घडते. घासलेले स्पार्क प्लग, अर्धवट उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारा), पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधील वायू पुन्हा इंजिनात सोडणारा) आणि शीतकाच्या तापमानाचा सेन्सर हे पुढचे संशयित. डिझेल इंजिनाचे आयडलिंग हवेने नव्हे तर इंधनाच्या मात्रेने सांभाळले जाते, त्यामुळे तिथे आधी इंधनाचा फिल्टर आणि इंजेक्टर पाहावेत.

एक दोष मात्र हमखास नजरेतून सुटतो, म्हणून तो सविस्तर सांगतो. माझी गाडी थांबतानाच तेवढी कापायची. एरवी आयडलिंग स्थिर. दोनदा थ्रॉटल बॉडी साफ करून घेतली, फरक पडला नाही. शेवटी एका संध्याकाळी काचा बंद करून, पंखा आणि रेडिओ बंद ठेवून, उभ्या गाडीत नुसता ब्रेक दाबून धरला. पायाजवळून बारीक फुसफुस ऐकू आली, सुई ८०० वरून ५५० वर आली आणि गिअरचा दांडा थरथरू लागला. ब्रेक सोडताच सारे शांत झाले. ब्रेक बूस्टरचा, म्हणजे मॅनिफोल्डमधील निर्वाताच्या मदतीने ब्रेकचा जोर वाढवणाऱ्या डब्याचा, पडदा फाटला होता आणि ब्रेक दाबला की तेवढ्यापुरती हवा मॅनिफोल्डमध्ये शिरत होती. थांबताना ब्रेक दाबला जातोच, त्यामुळे दोष आयडलिंगचा वाटत राहिला. ही तपासणी प्रत्येकाने करावी, कारण इथे प्रश्न गाडी बंद पडण्याचा नसून ब्रेकचा असतो. बूस्टर ठीक आहे का हे पाहण्यासाठी इंजिन बंद करून ब्रेक चार-पाच वेळा दाबावा, मग दाबून धरूनच इंजिन सुरू करावे. पेडल पायाखाली किंचित खाली गेले पाहिजे. ते जागचे हलले नाही, तर गाडी आधी दाखवून घ्यावी.

न्यूट्रलमध्ये गाडी का सोडू नये

उतार लागला की गाडी न्यूट्रलला टाकायची आणि पेट्रोल वाचवायचे, ही सवय कार्ब्युरेटरच्या, म्हणजे इंजेक्टरआधी हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या यांत्रिक भागाच्या, काळातील आहे आणि त्या काळात तिला आधार होता. तेव्हा पाय उचलल्यावरही मॅनिफोल्डमधील निर्वात आयडलच्या वाटेने पेट्रोल ओढत राही आणि इंजिन जितके जास्त वेगाने फिरे तितके जास्त ओढले जाई. इंजेक्टरच्या गाडीत हिशोब उलटा होतो. आयडलिंगला लहान पेट्रोल इंजिन तासाला अर्धा ते एक लिटर पेट्रोल घेते. ताशी ०.८ लिटर धरले, तर ५ किलोमीटरचा उतार ताशी ६० च्या वेगाने न्यूट्रलमध्ये उतरताना ६५ मिलिलिटरच्या आसपास पेट्रोल जळते. गिअरमध्ये पाय उचलून उतरल्यास जवळजवळ काहीच जळत नाही. अगदी सौम्य उतारावर गिअरमध्ये गाडीचा वेग कमी होत जातो आणि पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर द्यावा लागतो. तिथे न्यूट्रल काही थेंब वाचवू शकते, हे मान्य करायला हवे. पण त्या थेंबांसाठी इंजिनाचा ब्रेक आणि तत्काळ वेग घेण्याची सोय, या दोन्ही गोष्टी सोडून देणे मला पटत नाही.

मोठ्या उतारावर तर प्रश्न पेट्रोलचा राहतच नाही. इंजिनाचा अडसर नसला की सगळा वेग ब्रेकलाच रोखावा लागतो, पॅड आणि डिस्क तापत जातात आणि पुरेशा तापल्यावर पेडल दाबूनही गाडी नेहमीसारखी थांबत नाही. घाट ज्या गिअरमध्ये चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरावा आणि तो गिअर उतार सुरू होण्याआधी टाकावा. ब्रेक सतत टेकवून ठेवण्यापेक्षा थोडा वेळ नेमका दाबून वेग कमी करावा आणि सोडावा, म्हणजे त्याला थंड व्हायला अवसर मिळतो. इंजिन बंद करून गाडी सोडण्याचा विचारही करू नये: बूस्टरमधील निर्वाताचा साठा ब्रेक दोन-तीनदा दाबेपर्यंतच पुरतो, स्टिअरिंग जड होते, आणि चावी काढली तर ते अडकून बसू शकते. क्लच दाबून दूरवर घरंगळणे हेदेखील न्यूट्रलच होय. त्यात क्लचच्या रिलीज बेअरिंगची झीज वर येते.

चौकात थांबताना क्रम असा ठेवावा: पाय लवकर उचलावा, गाडी आहे त्याच गिअरमध्ये राहू द्यावी, ब्रेक लावावा आणि सुई १,००० च्या जवळ आली किंवा इंजिन जड होऊ लागले की मगच क्लच दाबावा. तोवर इंजेक्टर बहुतेक वेळ बंदच असतात. गाडी थांबली की न्यूट्रलला आणावी आणि क्लच सोडावा. पुढे रस्ता मोकळा झाला आणि गाडी अजून चालतीच असेल, तर त्या वेगाला जुळणारा, साधारणपणे दुसरा, गिअर टाकून क्लच सावकाश सोडावा. सुई खाली उतरून बसण्याआधी क्लच दाबायची सवय असेल, तर पहिले काही दिवस हे अवघड जाते. पाय उचलण्याची जागा चौकापासून थोडी मागे सरकवली की ते जमू लागते.