उपाहारगृहातील सुक्या कचऱ्याची पुनर्प्रक्रिया किती होते, हे कसे मोजावे

पुण्यासारख्या शहरातील बहुतेक उपाहारगृहांत ओल्या आणि सुक्या कचऱ्याचे डबे वेगळे ठेवलेले असतात, भंगारवाला ठरलेल्या दिवशी पुठ्ठा घेऊन जातो आणि तेवढ्यावर आपला सुका कचरा मार्गी लागतो, अशी मालकाची समजूत होते. ही समजूत कितपत खरी आहे, हे वजन केल्याशिवाय कळत नाही. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी दिवसाला सरासरी 100 किलोहून अधिक कचरा होणाऱ्या आस्थापनांना मोठे कचरा उत्पादक मानले. पण त्याहून लहान व्यवसायानेही नोंद ठेवावी असे मला मनापासून वाटते, कारण फेकला जाणारा प्रत्येक डबा आणि खोका आपणच पैसे मोजून आणलेला असतो.

मागच्या दारापाशी वजनकाटा आणि त्याशेजारी नोंदवही ठेवावी. तारीख, प्रकार, वजन आणि कोणी नेले, एवढे रकाने पुरेत. पुठ्ठा व कागद, पेट बाटल्या (पाण्याच्या व शीतपेयांच्या पारदर्शक प्लास्टिक बाटल्या), दुधाच्या पिशव्या, काच, धातू आणि ‘उरलेले’ असे प्रकार करावेत. तेलाचे पत्र्याचे डबे पुन्हा भरून वापरण्यासाठी विकले जात असतील, तर तो पुनर्वापर झाला. त्याची नोंद वेगळी ठेवावी. ओल्या कचऱ्याचे वजन स्वतंत्र लिहावे, कारण उपाहारगृहात तोच सर्वांत जड असतो आणि एकत्र हिशेबात सुक्या कचऱ्यातला फरक दिसेनासा होतो.

खरी गफलत होते ती नाकारलेल्या मालात. आमटी सांडलेला पुठ्ठा आणि आतून प्लास्टिकचा थर असलेले कागदी कप सुक्या डब्यात पडतात, वजनातही धरले जातात, पण भंगारवाला ते बाजूला काढतो. पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेला पुठ्ठा तर पाणी पिऊन जड होतो आणि वहीतला आकडा उगाच फुगतो. म्हणून तो आडोशाला ठेवून कोरडाच तोलावा. डब्यात किती पडले यापेक्षा घेणाऱ्याने किती स्वीकारले, हाच आकडा हिशेबात धरावा आणि तो पावतीवर लिहून घ्यावा.

समजा, महिन्याचा सुका कचरा 500 किलो झाला आणि त्यातला 300 किलो स्वीकारला गेला, तर प्रमाण 60 टक्के येते. पुढच्या महिन्यात पार्सल वाढल्यामुळे सुका कचरा 700 किलोवर गेला आणि 455 किलो स्वीकारला गेला, तर प्रमाण 65 टक्के होते. मात्र महापालिकेच्या गाडीत जाणारा उरलेला कचरा 200 वरून 245 किलो झालेला असतो. केवळ टक्केवारी पाहणाऱ्याला ही सुधारणा वाटेल. म्हणूनच टक्केवारीशेजारी उरलेल्या कचऱ्याचे वजन आणि दर शंभर ऑर्डरींमागे झालेला सुका कचरा, हे दोन आकडे लिहिलेच पाहिजेत. ऑर्डरींची संख्या बिलांवरून सहज मिळते.

तीन महिन्यांतून एकदा, सणवार किंवा रविवार नसलेल्या दिवशी, ‘उरलेले’च्या डब्यातला दिवसभराचा कचरा ताडपत्रीवर पसरून, जाड हातमोजे घालून निवडावा आणि प्रत्येक प्रकार तोलावा. त्यात पेट बाटल्या जास्त निघाल्या, तर ग्राहकांच्या बाजूचा डबा चुकीच्या जागी आहे. धुता येण्यासारख्या दुधाच्या पिशव्या निघाल्या, तर चहाच्या ओट्याजवळ पिशव्या धुऊन वाळवण्याची सोय नाही. ही निवड करताना भांडी घासणाऱ्या आणि टेबल पुसणाऱ्या कामगारांना सोबत घ्यावे, कारण कोणती वस्तू कोणत्या क्षणी कुठे टाकली जाते, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. त्यानंतर एका वेळी एकच बदल करून महिनाभर आकडे पाहावेत. दोन-तीन बदल एकदम केले, तर फरक कशामुळे पडला हे सांगता येत नाही.

राहिला प्रश्न माल पुढे कुठे जातो याचा. पुठ्ठा, काच आणि धातू कोणाकडे विकले जातात, हे भंगारवाल्याला थेट विचारावे आणि वहीत लिहावे. ज्या मालाचा पुढचा ठावठिकाणा तो सांगू शकत नाही, तो माल खात्री होईपर्यंत ‘उरलेले’मध्येच धरावा.