दोन नोडांचा प्रॉक्समॉक्स अडला तेव्हा

फोंड्याला जूनच्या पहिल्या पावसात वीज गेली. परत आली तेव्हा प्रॉक्समॉक्सच्या (एका मशीनवर अनेक आभासी संगणक चालवणारी प्रणाली) दोन नोडांपैकी, म्हणजे जोडलेल्या मशीनपैकी, एक उठला, दुसऱ्याचा पॉवर सप्लाय जळालेला. उठलेल्यावर एकही व्हीएम (आभासी संगणक) चालू होईना: 'क्लस्टर नॉट रेडी, नो कोरम', म्हणजे जोडलेल्या नोडांच्या गटात बहुमत नाही. वेब पानावर टिचक्या मारून उपयोग नाही, शेलच (कमांड टाइप करायची खिडकी) गाठावं लागतं.

'पीव्हीईसीएम स्टेटस' दिलं. अपेक्षित मतं २, हजर १, कोरमला हवीत २. बहुमत नसलं की 'ईटीसी/पीव्हीई' हे क्लस्टरच्या सेटिंगचं फोल्डर फक्त वाचण्यापुरतं उरतं, म्हणून व्हीएम सुरू होत नाही.

उपाय एका ओळीचा: 'पीव्हीईसीएम एक्स्पेक्टेड १' (अपेक्षित मतं एकवर आणणारी कमांड), मग 'क्यूएम स्टार्ट १०१' (१०१ हा व्हीएमचा क्रमांक). पण दुसरा नोड खरंच बंद आहे हे आधी डोळ्यांनी बघा. नुसती केबल सुटलेली असेल आणि दोन्हीकडे हीच कमांड दिलीत, तर सामायिक स्टोरेजवरच्या एकाच डिस्कवर दोघे लिहायला लागण्याचा धोका असतो. मग बॅकअप शोधत बसा.

हा उपाय तात्पुरताच. तिसरं मत हवं: एखाद्या जुन्या डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) पीसीवर 'कोरोसिंक-क्यूनेटडी' हा मत देणारा प्रोग्राम, दोन्ही नोडांवर त्याच्याशी बोलणारा 'कोरोसिंक-क्यूडिव्हाइस', टीसीपी ५४०३ पोर्ट खुला, आणि दोन्ही नोड चालू असताना 'पीव्हीईसीएम क्यूडिव्हाइस सेटअप' पुढे त्या पीसीचा आयपी. तो पीसी मात्र वेगळ्या यूपीएसवर ठेवा.